चोरलची जागा घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

इंदूरजवळच्या चोरलकडे सुट्टीत राहायला घर बांधण्यासाठी जागा घ्यावी का, असं विचारलंस. तुझी ओढ खरी आहे, ती मनातून काढून टाकू नकोस. रिसॉर्टात अकरा वाजता खोली सोडावी लागते. स्वतःच्या घरी पाऊस थांबेपर्यंत ओसरीवर बसता येतं. मिसळणाचा डबा, जुन्या चादरी, आजीची काठी तिथेच राहते. लावलेला मोगरा पुढच्या वर्षी फुललेला दिसतो. भाड्याच्या खोलीत हे मिळत नाही. पण जाणं झालं तरच हे सगळं आहे, म्हणून पैसे मोजण्याआधी वर्षात तिथे किती रात्री राहाल ते मोज.

समज, जागा आणि घर मिळून ३० लाख. बँकेत ७ टक्क्यांनी वर्षाला २,१०,००० आले असते. राखणदाराचे महिना ६,००० म्हणजे ७२,०००. वीज, रंग, दुरुस्ती ५०,०००. एकूण ३,३२,०००. वर्षात २४ रात्री राहिलात तर एक रात्र पावणेचौदा हजारांना पडते. ६० रात्री राहिलात तर साडेपाच हजारांना. जागेचा भाव वाढेल, खरं आहे, पण गिऱ्हाईक मिळेपर्यंत ती वाढ हातात येत नाही. म्हणून अंतराला मी सर्वांत जास्त महत्त्व देईन. रविवारी पोहे खाऊन निघालं की उन्हं चढायच्या आत पोचायला हवं. इंदूरहून चोरल चाळीसेक किलोमीटर, जमण्यासारखं आहे. महेश्वर नव्वदच्या आसपास. तिथला नर्मदेचा घाट कितीही आवडला तरी दर पंधरवड्याला जाणं होणार नाही.

कागदांत खसरा (त्या जमिनीच्या तुकड्याची सरकारी नोंद), बी-१ (मालकाच्या नावाचा खातेउतारा) आणि नक्शा तिन्ही ताजे काढ. खसऱ्यात ‘अहस्तांतरणीय’ असा शेरा असेल, तर ती सरकारी पट्ट्याची, म्हणजे सरकारने कुणाला दिलेली जमीन असू शकते. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. विकणारा आदिवासी असेल तर व्यवहार कायद्याने अडतो, दलालाच्या शब्दावर जाऊ नकोस. रजिस्ट्रीआधी शेजारच्या शेतकऱ्यांसमोर सीमांकन करून घे. जायचा रस्ता नक्शात आहे की नुसत्या ओळखीवर चालू आहे, तेही बघ. ओळख बदलली की रस्त्यावर तारेचं कुंपण येतं. डायव्हर्जन, म्हणजे शेतजमीन बिनशेती करणं, झाल्याशिवाय वीटसुद्धा रचू नकोस.

आता माती. माळव्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घर तिच्याबरोबर वरखाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते; सिमेंट भरलं तरी पुढच्या मे महिन्यात तिथेच पुन्हा उघडते. उतारावर मुरूम वर लागतो, सपाटीवर नि ओढ्याकाठी काळी माती खोल असू शकते. जेसीबीने दोन-तीन ठिकाणी सात फुटांचे खड्डे काढून बघ. मुरूम चार-पाच फुटांवर लागला तर पाया तिथवर ने. नाहीच लागला तर खाली फुगवटा असलेले, साधारण बारा फुटांपर्यंत जाणारे पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, लागतील. त्यांना अंडर-रीम्ड म्हणतात. वरचा प्लिंथ बीम, म्हणजे भिंतींखालची काँक्रीटची आडवी तुळई, मातीवर टेकवू नये, खाली तीनेक इंच पोकळी ठेवावी, नाहीतर फुगणारी माती बीमच उचलते. जोत्याच्या भरावात खणून निघालेली काळी माती टाकायची नाही. ठेकेदार हमखास तीच टाकतो, कारण ती फुकट असते. मुरूम सहा-सहा इंचांचा थर देऊन, पाणी मारून ठोकून घे. घराभोवती तीन फूट फरसबंदी कर, तिला बाहेरच्या बाजूला उतार दे. मोरीचं पाणी पायाशी मुरू देऊ नकोस.

बंद घर वापरातल्या घरापेक्षा लवकर बिघडतं. मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकलं की वास आणि झुरळं वर येतात. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे तेल सोड, म्हणजे ते लवकर उडत नाही. फ्रीज पुसून दाराशी घडी केलेला नॅपकिन अडकव. दार मिटलं की रबराला बुरशी धरते. गाद्या भिंतीपासून वीतभर दूर, उभ्या ठेव. बोअरमधला सबमर्सिबल पंप पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं चालवायला राखणदाराला सांग, नाहीतर जाम होतो. इन्व्हर्टरची बॅटरीही महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज व्हायला हवी. गच्चीची पन्हाळी जूनच्या आधी साफ कर, ऑगस्टात पुन्हा बघ: मूठभर पानं तोंडाशी अडकली तर गच्चीवर तळं साचतं आणि स्लॅब गळतो.

बयाणा देण्याआधी त्याच भागात भाड्याने दोनदा राहा: एकदा ऑगस्टात, झड लागलेली असताना, आणि एकदा मेच्या दुपारी. ऑगस्टात ओढा रस्त्यावर येतो का, वीज किती तास जाते ते कळेल. मेमध्ये बोअरला पाणी आहे का ते बघ, आणि जमिनीतल्या भेगांत काठी घालून बघ, किती खोल जाते.