आरोग्य प्रश्नोत्तरे : मोडलेला पाय आणि उंबरठ्यांचे घर

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. जांबोटी रस्त्यावर दुचाकी घसरून माझ्या उजव्या नडगीचे हाड मोडले. बेळगावात शस्त्रक्रिया होऊन आत रॉड बसवला, त्याला आता सहा आठवडे झाले. पाय जमिनीला नुसता टेकवावा, भार देऊ नये, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आमचे घर जुने, कौलारू. दारोदारी उंच उंबरठे आणि शौचालय परसात. पाय खाली सोडला की जांभळट पडतो व सुजतो. सासूबाईंचा आग्रह आहे की तेल लावून पाय चोळून घ्यावा. सर्वांत जड जाते ते तांब्याभर पाण्यासाठीही कुणाला तरी हाक मारणे. हे दिवस कसे काढावेत?

उत्तर : आपले शेवटचे दुःख मी आधी घेते, कारण कुबड्यांवर असलेले बहुतेक रुग्ण ते मनातच ठेवतात. नडगीचे हाड भरून येण्यास साधारणतः ४ ते ६ महिने लागतात आणि जिद्दीने तो काळ आखडत नाही. मात्र त्या काळात दिवसातून किती वेळा हाक मारावी लागेल हे बरेचसे घराच्या मांडणीवर ठरते, आणि ती मांडणी आजच बदलता येते.

कुबड्या धरल्या की दोन्ही हात अडकतात, म्हणून खांद्यावरून तिरकी अडकवायची एक कापडी पिशवी शिवून घ्यावी आणि तीत घट्ट झाकणाची पाण्याची बाटली, मोबाईल व गोळ्या ठेवाव्यात. अंथरूण माजघरातून काढून परसदाराजवळच्या खोलीत पलंगावर घालावे, म्हणजे शौचालयाच्या वाटेवरचे उंबरठे कमी होतील. जो उंबरठा टळणारच नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना सुताराकडून लाकडी उतार ठोकून घ्यावा, आणि तोपर्यंत तो ओलांडताना घरातील एखाद्या सशक्त माणसाने मागे उभे राहून कमरेला आधार द्यावा. पायऱ्यांचा नियम मात्र पाठच करावा : चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या व दुखावलेला पाय आधी. उकिडवे बसणे सध्या शक्य नाही. भारतीय शौचालयावर ठेवण्याची कमोडची खुर्ची सर्जिकल साहित्याच्या दुकानात मिळते, आणि रात्री तीच भांड्यासह खोलीत ठेवली तर शेवाळलेल्या परसात अंधारात उतरावे लागत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येक दारात पाय पुसायला गोणपाट टाकलेले असते. ते आज सर्वप्रथम उचलावे, कारण कुबडीचे टोक त्यात अडकते किंवा गोणपाटासकट घसरते. बाहेरून आल्यावर कुबड्यांची रबरी टोके कोरडी पुसावीत आणि झिजली की लगेच बदलावीत. काखेत व कुबडीत दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. भार तळहातांवर घ्यावा, कारण काखेत घेतल्यास तेथील नसा दबून हाताला मुंग्या येतात.

पाय खाली सोडल्यावर जांभळट होणे व सुजणे या काळात बहुतेकांना होते आणि पाय वर घेतला की ते उतरते. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ पाय लोंबता ठेवू नये. आडवे होऊन तो छातीच्या पातळीहून उंच ठेवावा. उशी टाचेखाली घ्यावी, गुडघ्याखाली नव्हे, कारण गुडघा सतत वाकलेला राहिला तर पुढे तो सरळ करताना फार यातना होतात आणि हाड जुळूनही चाल लंगडी राहते. घोटा वरखाली हलवणे, मांडी आवळून पाच सेकंद धरणे, हे व्यायाम आपल्या डॉक्टरांनी मना केले नसतील तर दर तासाला करावेत.

चोळण्याबाबत मी स्पष्ट नकार देते. सासूबाईंची माया खरी आहे, तरीही न जुळलेल्या हाडावर जोराचा दाब घातक ठरतो; शिवाय पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पाय वर घेऊनही न उतरणारी सूज, पोटरीत नवे दुखणे, ताप किंवा जखमेतून स्राव दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, आणि अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणभरही थांबू नये. सासूबाईंच्या हातांना काम द्यायचेच असेल तर नाचणीची भाकरी, उसळ, दूध, चालत असल्यास अंडी हे त्यांनी आपल्याला रोज आग्रहाने वाढावे. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती आजपासून सोडावी, कारण तंबाखूतील निकोटिनमुळे हाड जुळायला उशीर होतो.

बसच्या उंच पायरीचा विचार पूर्ण भार देण्याची परवानगी मिळेपर्यंत करू नये. तपासणीसाठी बेळगावला जाताना मोटारीच्या मागच्या आसनावर पाय लांब करून आडवे बसावे. शाळेत परतण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडे तळमजल्यावरील वर्ग, टेबलाखाली पाय टेकवायला एक स्टूल आणि फळ्यावर लिहिण्यासाठी एखाद्या विद्यार्थ्याची मदत, एवढे लेखी मागावे. पुढच्या तपासणीत किती भार व केव्हापासून द्यायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घेतले तर रजेच्या अर्जालाही तोच कागद जोडता येईल.