काजूचा छोटा कारखाना वाढवायचा आहे, सरकारी योजनांचा खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा: राजापूरजवळ घरचाच काजू प्रक्रियेचा कारखाना चालू आहे, तुकडा (फुटका गर) फार निघतो म्हणून कटिंगचं मोठं मशीन घ्यायचंय, तर पीएमईजीपीतून, म्हणजे प्रधानमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रमातून, अनुदान मिळेल का?

पीएमईजीपी नव्या कारखान्यासाठी आहे. त्याच योजनेतलं किंवा मुद्राचं आधीचं कर्ज तुम्ही नीट फेडलं असेल, तरच वाढीसाठी दुसरं कर्ज मिळू शकतं. नाहीतर तिथे हेलपाटे घालू नका. चालू कारखान्याला लागू पडते ती पीएमएफएमई, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना. प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान. ही योजना आपल्याकडे कृषी खातं राबवतं, तेव्हा जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि सध्या अर्ज घेताहेत का ते विचारा. प्रकल्प अहवाल आणि अर्ज करून द्यायला तिथे जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन सरकार देतं, त्यामुळे फाईल करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, तीही फुकट आहे.

अनुदान हातात रोख मिळत नाही, हे मात्र आधी समजून घ्या. निदान 10 टक्के पैसे तुमचे, बाकीचं बँकेचं कर्ज. अनुदान बँकेत वेगळं ठेवलं जातं आणि तीन वर्षांनी, खातं नियमित आणि कारखाना चालू असेल तर, कर्जात वळतं होतं. हप्ता तुमच्या धंद्यातूनच निघायला हवा.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की मशीनच्या आधी तुकडा कुठे होतो ते शोधा. आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला सगळे कटिंगलाच दोष देत होते. केंद्राच्या लीन योजनेतून, म्हणजे छोट्या उद्योगांतली नासाडी कमी करण्याच्या योजनेतून, सल्लागार आला (त्याच्या फीचा 90 टक्के भाग सरकार भरतं) आणि त्याने प्रत्येक टप्प्यानंतर तुकडा वेगळ्या डब्यात काढून तोलायला लावला. वाफवलेली बी पुरती निवली नसतानाच कटरवर जात होती, तिथे थोडा तुकडा व्हायचा. पण खरी नासाडी पुढे होती. ड्रायरच्या वरच्या ट्रेमधला गर जास्त वाळून कडक व्हायचा आणि साल काढताना बायकांच्या बोटांखालीच त्याची पाकळी व्हायची. ट्रे वरखाली फिरवायला लागलो, गरातला ओलावा मोजायला लागलो, आणि अख्खा गर वाढला. 320 नंबर प्रतीच्या अख्ख्या गराला जो भाव मिळतो तो तुकड्याला कधीच मिळत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. नवं कटर घेतलं असतं तरी तो तुकडा तसाच राहिला असता. सल्लागाराची ही मदत योजनांच्या जाहिरातीत कुठेतरी खाली असते, पण मी तिला अनुदानाच्या वर ठेवते.

आता कोकणातली खरी अडचण: सातबारा. जमीन सामायिक, निम्मे हिस्सेदार मुंबईत, आणि बँक जागेचे कागद मागते. सूक्ष्म उद्योगाकडून 20 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि त्यावरच्या कर्जालाही सीजीटीएमएसई या सरकारी कर्जहमी ट्रस्टची हमी मिळू शकते, हे शाखेत शांतपणे सांगा. तरी कारखान्याच्या जागेसाठी हिस्सेदारांचं संमतीपत्र किंवा भाडेकरार लागतोच. गणपतीत सगळे चाकरमानी घरी येतात, तेव्हाच सह्या उरकून घ्या. एरवी एकेका सहीसाठी मुंबई गाठावी लागते.

व्यापाऱ्याकडे पैसे अडकत असतील तर उद्यम नोंदणी माल पाठवण्याआधीची हवी. मग 45 दिवसांच्या पुढे थकलेल्या पैशांसाठी सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, कायद्याने व्याजही मिळतं.

तुमच्याकडे बी किती तास निवते आणि ड्रायर लाकडावरचा की विजेवरचा, ते कळवा. तुकडा कुठे होत असेल ते त्यावरून थोडंफार सांगता येईल.