स्क्रॅपबुकच्या पानावर खडूचे रंग

स्क्रॅपबुकसाठी, म्हणजे फोटो चिकटवून सजवायच्या वहीसाठी, फळ्यावरचा खडू वापरू नये. त्यात रंगद्रव्य फार थोडे असते आणि कागदावर पांढुरकी भुकटी तेवढी उरते. चित्रकला-साहित्याच्या दुकानात सॉफ्ट पेस्टल, म्हणजे भरपूर रंगद्रव्याचे मऊ, कोरडे खडू, मागावेत. दुकानदाराने सवयीने ऑइल पेस्टल पुढे केले, तर ते नम्रपणे परत करावेत, कारण त्यांचा तेलकटपणा शेजारच्या फोटोला लागतो. कागद किंचित खरखरीत हवा. चकचकीत कार्डावर भुकटी धरत नाही.

खडू थेट पानावर ओढण्यापेक्षा कागदाच्या कपट्यावर घासून त्याची पूड करावी, ती कापसाच्या काडीने टिपून जास्तीची झटकावी आणि लहान लहान गोल फिरवत फिकट छटेकडून गडद छटेकडे जावे. माझ्या मते खडू सर्वांत खुलतो तो फाडलेल्या कडेवर: आतून पांढरे असलेले रंगीत कार्ड हाताने आपल्याकडे ओढत फाडले की पांढरी, तंतुमय कड उघडी पडते, ती रंग चटकन धरते आणि तपकिरी छटा दिल्यास जुन्या पत्राचा भास होतो.

सांडलेली पूड बोटाने पुसू नये, फुंकरही मारू नये. पान उभे धरून मागून टिचकी मारावी. चुकलेला रंग मऊ, मळता येणाऱ्या खोडरबराने दाबून उचलावा. फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड कागदावर धरून ठेवणारे फवाऱ्याचे द्रावण, हवेशीर जागी, साधारण ३० सेंटिमीटरवरून, हलकेच फवारावे. त्याने रंग थोडे गडद होतात, म्हणून आधी कपट्यावर पाहावे. फोटो त्यानंतरच चिकटवावेत.