चाललं की साखर का उतरते?

प्रश्न : माझ्या पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. मग जेवणानंतर चाललं की साखर कशी उतरते?

उत्तर : स्नायूपेशीत ग्लुकोज मुख्यतः ग्लुट-४ या वाहक प्रथिनातून शिरतं. एरवी हे वाहक पेशीच्या आत पडून असतात. इन्सुलिनचा निरोप आला की पृष्ठभागावर येतात. तुमच्याकडे अडतो तो हा निरोप. पण स्नायू आकुंचन पावताना आतलं कॅल्शियम वाढतं, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च होऊन एएमपी (एटीपी खर्ची पडल्यावर उरणारा रेणू) वाढतं, एएमपीके हे विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि वाहक इन्सुलिनविनाच वर येतात. आत आलेल्या ग्लुकोजला हेक्झोकायनेज हे विकर लगेच फॉस्फेट जोडतं, मग त्याला बाहेरची वाट बंद. ग्लुकोज पुढे किती वेगाने तुटायचं याचा खरा नळ फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या विकराकडे : एटीपी मुबलक असेल तर आवळलेला, एएमपी वाढलं की सैल. ऑक्सिजन पुरेसा असला की एका ग्लुकोजमागे सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात. नुसत्या ग्लायकोलिसिसमधून (ग्लुकोज तोडण्याचा पहिला, ऑक्सिजन न लागणारा टप्पा) निव्वळ २.

चालणं मध्यम गतीचं, १५-२० मिनिटं पुरे. एकदम जोरात धावलात तर अ‍ॅड्रेनालिनमुळे यकृत साखर सोडतं आणि आकडा उलट चढू शकतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी) चालू असेल तर साखर फार उतरू शकते, म्हणून खिशात ग्लुकोजची पुडी हवीच. घाम, थरथर सुटली आणि साखर ७० मिग्रॅच्या खाली दिसली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.