ग्रुप चांगला आहे, तरी मुलगी अशी का?

"वाया गेली असती तर निदान कळलं तरी असतं, ताई. पण हिचे मित्रमैत्रिणी सगळे सभ्य. सिगरेट नाही, भटकणं नाही, सगळे अभ्यास करणारे. मग ही घरी येते ती तोंड पाडून का? सरळ सांगा, हा ग्रुप सोडायला लावू का?"

इंदूरमधल्या सुदामानगरच्या एका आईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन पुष्कळ पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतात. संगत म्हटली की आपल्याला व्यसन, उनाडक्या आणि प्रेमप्रकरण एवढंच सुचतं. त्यातलं काही नसलं की आपण निर्धास्त होतो.

मुलगी सव्वीस वर्षांची, एमपीपीएससीची म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारी. इंदूरच्याच भंवरकुआ भागातल्या एका लायब्ररीत महिन्याची सीट घेतलेली. खाली टपरीवर दिवसातून तीनदा कट चहा आणि पाच-सहा जणांचा अड्डा. तिथे काय बोलता, असं विचारलं तर म्हणाली, "हेच की, इथे अभ्यास करून काही होत नाही."

हे बोलणं हवेतलं नाही, हे आधी मान्य करायला हवं. २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा अंतिम निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये. ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकज्ज्यातून ८७-१३ चं सूत्र निघालं: ८७ टक्के जागांचे निकाल लागले आणि १३ टक्के जागांचे अडकून बसले. डिसेंबर २०२४ मध्ये आयोगाच्या इंदूरच्या कार्यालयाबाहेर मुलं थंडीत रात्रंदिवस ठाण मांडून होती. "यात चिडण्यासारखं काय आहे, पॉझिटिव्ह राहा" असं सांगणाऱ्या समुपदेशकाची पायरी मी स्वतः चढणार नाही.

प्रश्न होता तो चिडून झाल्यावर पुढे काय होतं याचा. मी तिला ग्रुपवरचे गेल्या आठवड्याचे मेसेज मोठ्याने वाचायला सांगितले. कोर्टाची तारीख. मागचा कटऑफ. निवड झालेल्या कुणाच्या तरी काकांची ओळख. पुन्हा तारीख. मध्येच मंगळवारी तिचा स्वतःचा एक मेसेज: 'आज तीन आन्सर लिखे, कोई चेक कर देगा?' खाली चार हसरे चेहरे आणि एक उत्तर: 'मैडम, कलेक्टर बन जाओ तो हमें मत भूलना.' त्यानंतर पुन्हा कोर्टाची तारीख.

वाचताना ती हसली. "मग तपासली का कुणी?" "नाही." "पुढची उत्तरं?" जरा थांबून म्हणाली, "लिहिलीच नाहीत."

त्या मुलांनी वाईट काहीच केलं नव्हतं. थट्टा केली, तीही प्रेमाने. पण त्या अड्ड्यावर आशा दाखवणं हे थोडं हास्यास्पद ठरलं होतं, आणि जे हास्यास्पद ठरतं ते माणूस मुकाट्याने सोडून देतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ अमांडा रोज यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकच दुखणं मिळून पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्या मित्रांमध्ये जवळीक जास्त दिसली, आणि उदासी व चिंताही जास्त दिसली. दोन्ही एकत्र असल्यामुळेच हे लवकर ध्यानात येत नाही. टपरीवर मन हलकं झाल्यासारखं वाटतं, आणि घरच्यांना दिसतं ते त्याच्या नंतरचं तोंड.

आईंना नंतर एकटीला बोलावलं. बोलता बोलता भिशीचा विषय निघाला. दर महिन्याच्या भिशीत विषय ठरलेला: कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं राहिलंय. "आणि त्या दिवशी घरी आल्यावर?" आई आधी गप्प झाल्या, मग हसू दाबत म्हणाल्या, "हिच्यावर तोंडसुख घेते, दुसरं काय! म्हणजे आता मीही भिशी सोडू की काय?"

भिशी सोडायची नव्हती, ग्रुपही नाही. मित्र तोडायला लावलेली मुलगी एकटी पडते, आणि एकटेपणात तेच विचार आणखी जोरात फिरतात. शिवाय गरज एकाच माणसाची असते. सॉलोमन अॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग मला इथे नेहमी उपयोगी पडतात. रेषेची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही, बाकीचे सगळे चुकीचं उत्तर देताहेत म्हटल्यावर लोकांनी सुमारे एक तृतीयांश वेळा तेच चुकीचं उत्तर दिलं. गटात एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी या चुका जवळपास चौथ्या हिश्श्यावर आल्या.

तेव्हा आम्ही शोधलं ते असं एक माणूस. तिच्याच लायब्ररीत खरगोनची एक मुलगी होती, फारसं न बोलणारी. दोघींनी रोज एकमेकींचं एक उत्तर तपासायचं ठरवलं. टपरी राहिली, पण उत्तर लिहून झाल्यावर. आईंनाही एकच काम दिलं: भिशीच्या दिवशी रात्री लेकीशी लग्नाचा विषय काढायचा नाही. पहिल्या महिन्यात त्यांना ते जमलं नाही, दुसऱ्यात जमलं.

एक मात्र वेगळं ठेवते. झोप उडाली, जेवण सुटलं, किंवा "जगून काय उपयोग" अशी भाषा आली, तर संगतीचा काथ्याकूट करत बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे.

या वेळची प्री, म्हणजे पूर्वपरीक्षा, तिची थोडक्यात हुकली. टपरीवर सगळे म्हणाले, 'बोला था ना!' पूर्वी हेच ऐकून ती मान हलवायची. या खेपेला माझ्याकडे आली ती त्यांच्यावर चांगलीच तणतणत, आणि पर्समधून काढलेली खरगोनवालीची तपासलेली उत्तरं टेबलावर ठेवत म्हणाली, "हे बघा, मी कुठे कमी पडले ते हिने तरी सांगितलं."