मोबाइल काढून घेतला की आकांत

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. जेवताना त्याला मोबाइलवर व्हिडिओ लागतोच. काढून घेतला तर तो आकांत करतो. वर्गात त्याचे लक्ष नसते, अशी शाळेची तक्रार आहे. दोष मोबाइलचा, आमचा की शाळेचा?

उत्तर : दोष वाटून देण्याआधी तो व्हिडिओ नेमका कोणत्या क्षणी सुरू होतो, ते पाहावे. मूल पहिला घास नाकारते, मोठ्यांना घाई असते आणि मोबाइल समोर ठेवताच तोंड उघडते. म्हणजे हट्ट केला की पडदा मिळतो, हा धडा त्याला रोज ताटावरच मिळतो. मुले मोठ्यांचे पाहूनही शिकतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ मधील प्रयोगात, मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला मारताना पाहिलेल्या अनेक मुलांनी पुढे तिला तसेच मारले. म्हणून विचारताना संकोच वाटत असला तरी विचारते, तुमचा स्वतःचा मोबाइल जेवताना कुठे असतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्यासाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास सुचवला. सहाव्या वर्षी मात्र झोप आणि खेळ यांतून किती वेळ कापला जातो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

उद्यापासून ताटाजवळ कोणाचाच मोबाइल नको. सुरुवातीला रडणे वाढेल. तेव्हा त्याच्या जवळ बसा, पण माघार घेऊ नका. शिक्षकांना विचारा, लक्ष वाचताना नसते की ऐकताना? त्याला फळा नीट दिसत नसेल किंवा कमी ऐकू येत असेल, अशीही शक्यता आहे, तेव्हा डोळे आणि कान तपासून घ्या.