बायोप्सीनंतर सीआरपी वाढलाय, म्हणजे इन्फेक्शन झालं का?

यकृताची सुईने बायोप्सी झाली, म्हणजे तपासणीसाठी छोटा तुकडा काढला, की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. सीआरपी म्हणजे शरीरात सूज, इन्फेक्शन किंवा जखम झाली की रक्तात वाढणारं एक प्रथिन.

एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती. दोन रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बायोप्सीआधीचा सीआरपी 0.9, नंतर दुसऱ्या दिवशीचा 23. त्या 23 भोवती लाल पेनाने गोल. "मॅडम, पंचवीस पट झालाय! आणि बाबा म्हणतात, मला काही होत नाही."

मी तिला आकड्यापुढचं एकक वाचायला लावलं. पहिल्या लॅबचं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरीचं प्रति लिटर. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर, म्हणजे आधीचा 0.9 खरा 9. वाढ अडीच पट, पंचवीस नव्हे.

अडीच पट तरी का? सुई जेमतेम दीड मिलिमीटर जाड असली तरी कातडी, स्नायू आणि यकृताला तिची जखम होतेच. जखम झाल्याचा संदेश मिळाला की यकृतच सीआरपी बनवतं. सहा-आठ तासांत तो चढू लागतो आणि दोनेक दिवसांत सर्वांत वर जातो. हिने नेमकी तेव्हाच तपासणी करून घेतली, तीही कुणी सांगितलेली नसताना!

तरीही "जखमेमुळेच आहे, घाबरू नका" असं मी म्हटलं नाही. नुसत्या सीआरपीवरून कारण कळत नाही, आणि आत रक्तस्राव होतोय का हे तर तो सांगतच नाही. म्हणून बाबांनाच विचारलं: ताप, थंडी, चक्कर, काळी शौच, वाढत जाणारी पोटदुखी?

"तसलं काही नाही. उजवा खांदा तेवढा दुखतोय. पण त्याचा इथे काय संबंध?"

संबंध आहे. यकृताच्या वर असलेल्या श्वासपटलाला त्रास झाला की दुखणं खांद्यात जाणवतं. बायोप्सीनंतर हे बऱ्याच जणांना होतं आणि ओसरतं. वाढत गेलं तर मात्र थांबायचं नाही. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सगळं ठीक होतं. डॉक्टरांनी तीन दिवसांनी त्याच लॅबमधून सीआरपी करायला सांगितला. तो 11 आला.

बायोप्सीचा रिपोर्ट मात्र अजून यायचा होता. खरी धास्ती त्याचीच होती. त्याबद्दल दोघांपैकी कुणीच अवाक्षर काढलं नव्हतं, म्हणून पुढची वेळ मी त्यासाठीच दिली.